कठड्यावरचा पिवळा टॉवेल

प्रिय तेजस्विनी,

समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईला पोस्टाने पत्र पाठवतेय म्हणून हसशील. पण फोन नंबर घ्यायचे नाहीत, हे आपलंच ठरलेलं. आणि तुझ्या दारापर्यंत यायचं तर वाटेत चार जणांशी बोलावं लागतं. तेवढं सध्या जमत नाही.

मी बरी आहे. जेवते, भांडी घासते. माझी नणंद नवसाबाई परवा देवळ्याला परत गेली, जाताना कांद्यांची गोणी ठेवून गेली. एकटीला एवढे कांदे कशाला, असं म्हणावंसंही वाटलं नाही. रडूही येत नाही. खुर्चीत बसते, दुपार होते, मग दिवे लागतात.

द्वारकेच्या चौकात भाजी घेताना तू मला गाठलंस ते मात्र आठवतं. ताई, आमचा पडदा मुद्दामच उघडा असतो, तुम्हाला चालत नसेल तर आजपासून बंद, एवढं म्हणून तू मेथीची जुडी उलटीपालटी करत राहिलीस. कान लाल झाले होते तुझे. मी म्हटलं, अगं, आमचाही मुद्दामच असतो. मग दिंडोरीच्या द्राक्षबागेतल्या हॉटेलात आपण चौघं बसलो. तुझा स्वराज आणि माझा किशोर नव्या जावयांसारखे लाजत होते, म्हणून सगळं आपण बायकांनीच ठरवलं. रविवारची दुपार. फोटो नाहीत, घरी येणंजाणं नाही. आणि कुणाचंही मन नसेल तर कठड्यावर पिवळा टॉवेल. मधल्या गल्लीत दुसऱ्या कुणाची खिडकी उघडत नाही ना, हे किशोर गच्चीवर जाऊन पाहून आला होता. सगळं असं जपून करायचा तो.

पोट सुटलेलं, केस रंगवलेले, पण तुम्ही दोघं समोर असलात, आम्हाला पाहताय हे कळलं, की मी मला आवडायचे. अंगावर काही नसताना इतकं निवांत मला कधीच वाटलं नव्हतं.

किशोर शनिवारी गेला. रविवारी नवसाबाईने घर धुतलं आणि हाताला लागेल ते कठड्यावर वाळत घातलं. त्यात तो टॉवेलही होता. आज यांचं मन नाही, असं समजून तू पडदा ओढून घेतलास. खरं काय ते तुला नंतर वॉचमनने सांगितलं म्हणे. तेराव्याला आलीस, नवसाबाईने कोण म्हणून विचारलं तर समोर राहते म्हणालीस, आणि चहा न घेता उठलीस. तेव्हापासून तुमच्या कठड्यावर टॉवेल आहे. आमचं सुतक तू अजून पाळतेस.

टॉवेल काढ किंवा राहू दे, त्यासाठी लिहीत नाही. भिंतीवर लावलाय तो फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला. त्यात किशोर नाही. आठवायला बसते तर चेहराच सापडत नाही. रविवारच्या दुपारी माझं तोंड तुमच्याकडे असायचं, नाहीतर डोळे मिटलेले. तो माझ्या पाठीशी. तो तुमच्याकडे नाही, माझ्याकडेच पाहतोय असं मला वाटायचं. मी वळून कधी पाहिलं नाही. तू पाहिलंयस. या रविवारी ये, दाराने ये. कांदे आहेत, भजी करते. माझ्याकडे बघताना त्याचा चेहरा कसा असायचा, तेवढं मला सांग.

तुझीच,
समोरच्या खिडकीतली
वैजयंती