वाटीसारखं फूल

ताई,

आई मला ओळखत नाही. "बाई, तुम्ही घरी कधी जाणार?" असं रोज विचारते. मी म्हणते, "आवरलं की निघते."

तिचे हात सतत काहीतरी ओरबाडत असतात, म्हणून मी क्रोशाने फुलांचे कोस्टर विणते आणि तिच्या हातात देते. ती ते उसवत बसते. संध्याकाळी तोच दोरा घेऊन मी पुन्हा विणायला बसते. वेड लागायची पाळी आली आहे माझ्यावर, पण तेवढा वेळ ती शांत असते गं.

परवा कपाटात तू शाळेत असताना विणलेलं फूल सापडलं. तुझा हात कायम घट्ट. पाकळ्या आखडून फुलाची वाटी व्हायची आणि वर ठेवलेला पेला डुगडुगायचा, आठवतं? आईने ते उसवलं नाही. गालाला लावलं. "मोठीचं आहे हे. किती सांगितलं कार्टीला, हात सैल सोड."

तेव्हापासून मीही दोरा बोटाला काचेल इतका ओढून विणते. काल तसं एक फूल तिला दिलं. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. "मोठे, आलीस?"

मी हो म्हणाले. काय करू?

आता घरात एकही पेला सरळ उभा राहत नाही. माझ्याच्याने होत नाही, तू ये, असं लिहायलाच बसले होते. पण तू आलीस, तर मी पुन्हा तिची 'बाई' होईन. म्हणून हे पत्र टाकणार नाही.

तुझी,
धाकटी
(असं म्हणणारं आता तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही.)