खडूचं घर

९ मार्च, दुपार

लाडक्या ठमे,

तुला खूप खूप आशीर्वाद. आई गुडघ्यांच्या नावाने कुरकुरतेय, म्हणजे ठणठणीत आहे. तुझे भाऊजी नेहमीसारखेच, विचारलं तरी अर्धंच बोलतात. शिवणाची कामं मान वर काढू देत नाहीत.

तुझं पत्र पोचलं. घरी येणार नाहीस म्हणतेस, त्याबद्दल नंतर बोलू. आधी आमच्या गमती ऐक.

घराला जरा हात लावायचं ठरवलंय. खर्च बेताचाच, उगाच डोळे वटारू नकोस. हल्ली दुपारी मशीनवर बसले की पाय आपला चालत राहतो आणि डोळ्यांसमोर भिंती सरकायला लागतात. स्वयंपाकघर ऐसपैस होतं, उंबरे विरघळतात, खिडकी हळूच खाली उतरते आणि झाडाचा बुंधासुद्धा दिसायला लागतो. मग सुई बोटाशी येते आणि मी भानावर येते.

खडूने आखल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, ही आपल्या घरची शिस्त. तीच मी घरालाही लावली. जमिनीवर, भिंतींवर सगळं आधी खडूने काढलं आणि म्हटलं, काही दिवस यात राहून बघू. आई आता नुसत्या खडूने काढलेल्या कट्ट्यालाही वळसा घालून जाते. भाऊजी परवा त्याच कट्ट्यावर चहाचा कप ठेवायला गेले. फरशी पुसताना मी इतकी हसले की तेही हसले.

पुढच्या पायरीवर उतार करायचाय. जुन्या पलंगाच्या फळ्या पडूनच आहेत, सुतार म्हणाला चालतील. आतली दारं काढून पडदे लावू, शिवणारी घरचीच आहे. न्हाणीघराचं दार मात्र ठेवतेय, फक्त बाहेर उघडेल असं फिरवून. तिथे पडद्यावर तुझा भरवसा बसायचा नाही. रंग उरल्यासुरल्या डब्यांतला. दोन डबे मिसळले तर उजाडतानाच्या आभाळासारखा काहीतरी निघाला, ना निळा ना राखी.

शेजारच्या दुरुस्तीवाल्याकडून चाकांचं स्टूल आणलं आणि त्यावर बसून घरभर फिरले. आई म्हणाली, हिचं डोकं फिरलंय. पण तेवढ्या उंचीवरून आपलं घर निराळंच दिसतं गं. टेबलाच्या खालच्या अंगाला तू लहानपणी चिकटवलेली बटणं अजून तशीच आहेत. ऊन फरशीवरून सरकत येतं आणि थेट मांडीवर बसतं. मी कितीतरी वेळ तिथेच बसून राहिले. इस्त्रीचे कपडे तसेच पडलेले.

चाकांची खुर्ची. घे, लिहिला एकदाचा तो शब्द. अपघातापासून या घरात तो कुणी उच्चारलेला नाही.

तू लिहिलंस, "ताई, मी इथे पुनर्वसन केंद्रातच राहते. त्या घरात आता मी मावत नाही." ठमे, मला राग आला. फार आला. त्या रागात एका गिऱ्हाईकाची बाही उलटी जोडली. मग रडले, तुझ्यापासून काय लपवायचं? अंगात शिरत नाही म्हणून आपण कपडा उसवतो. माणसाला कोणी बाजूला ठेवतं का?

काल सुतार भिंतीवरच्या फळ्या ठोकायला आला. हातोडी मारण्याआधी म्हटलं, एकदा स्टुलावर बसून बघू. हात वर केला, तर फळीची खडूची रेघ कुठल्या कुठे वर! आरसा, दिव्याचं बटण, टॉवेलची खुंटी, सगळं तसंच उंच आखलेलं. तुझं माप मला तोंडपाठ. फ्रॉकपासून तुझा प्रत्येक कपडा मीच शिवलाय. हाताने आपोआप उभ्या ठमीचं घर आखून ठेवलं होतं. बिचाऱ्या सुताराला चहा पाजून परत पाठवलं.

मग ओलं फडकं घेऊन सगळ्या भिंती पुसल्या. पुसताना फार जड गेलं. ती उभी ठमी माझ्याच हाताने जात होती.

आता तुझं नवं माप माझ्याकडे नाही, आणि माप काही पत्रातून घेता येत नाही. त्याला माणूस समोर लागतं. रविवारी भाऊजी गाडी घेऊन येतील. राहायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी त्यावर एक अक्षर बोलणार नाही. नुसतं माप द्यायला ये.

गळ्यात टेप अडकवून दारात उभी असलेली,
तुझी ताई