आई आडवी होत नाही

८ जुलै २०२४, सोमवार
आई आज पुन्हा उठून बसली! हृदयात स्टेंट घालून आठ दिवस झालेत. डॉक्टरांनी बजावलंय — दुपारी दोन तास आडवं व्हायचं, म्हणजे व्हायचंच. नाहीतर पुन्हा अटॅक. आणि ही भिंतीला टेकून लसूण सोलते! म्हणे, "टेकलेच की. आजून किती टेकू?"

९ जुलै
नांदेडच्या बँकेतली माझी रजा रविवारी संपते. मग रेणापूरच्या या घरात ती दिवसभर एकटी. कोण झोपवणार? भांडून भांडून तोंड दुखलं माझं.

आरामाचे शब्द मात्र हिच्याइतके कुणाकडे नसतील! बूड टेका गं. दम खा. कंबर सरळ करा. डोळा लावून घे घडीभर. दे मस्त ताणून! वीस वर्षं खुरपणीच्या टोळीपुढे हीच आवाज देत आली. सगळे शब्द दुसऱ्यांसाठी. स्वतःसाठी एकच — "हां, पडते नंतर." ते नंतर काही येत नाही.

१० जुलै
आजही नाही. चिडून मी जेवले नाही. तिनं बसल्या बसल्या मलाच भरवलं.

११ जुलै
गुरम्मामावशी रस्त्यात भेटली. आईच्याच टोळीतली, अगदी पहिल्यापासूनची. तिच्यापुढे रडूच फुटलं. ती हसली. "विशाखे, तुझी माय दुपारी कवा पडली हाय का? दुपारच्याला बाया जेवून लवंडल्या की म्होरची बाई बसून राहती. इचू-काटा बघायचा, येळ झाली की उठवायचं. ती बसलेली दिसली की बाकीच्यायला बिनघोर झोप लागती."

वीस वर्षं! शाळा सुटली की मी शेतात जायचे. झाडाखाली सगळ्या घोरत, आई बसलेली. मला वाटायचं, हिला झोपच येत नाही. एवढी शिकले आणि एवढं कळलं नाही.

१२ जुलै
बाराला दार वाजलं. गुरम्मामावशी, टोळीतलीच सिंधु, आणखी तिघी! पाय चिखलाचे, भाकरी फडक्यात. पटापट जेवल्या. चौघी फरशीवर लवंडल्या. मावशी उंबऱ्याशी बसली. "सरजाबाई, आज म्होरची मी. पड तू."

आई बघतच राहिली. मग हळूच सिंधुशेजारी आडवी झाली. पाच मिनिटांत घोरायला लागली! आईचं दिवसाचं घोरणं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. विहारात उभं राहावं तशी चपला काढून उभी राहिले. हसूही येत होतं, डोळेही भरत होते. त्या निघून गेल्या तरी ही उठली नाही. दोन वाजेपर्यंत!

१३ जुलै
आजही आल्या. आजही घोरली. निघाल्या तशी मी सिंधुच्या मागे चालत गेले. शेत पार ओढ्यापलीकडे! जायला पंचवीस मिनिटं, यायला पंचवीस. सुट्टी सगळी मिळून दीड तास. भर उन्हात इतकं चालायचं, दहा-पंधरा मिनिटं पडायचं, पुन्हा खुरपं.

मी तिच्या चिखलाच्या पायांकडे बघत होते. सिंधु म्हणाली, "ताई, असं काय बघून राहिल्या? आमी काय लई मोठं केलं न्हाई." पाया पडावंसं वाटलं. बांधावर वेड्यासारखी उभी राहिले.

संध्याकाळी आईला सांगितलं. तिला वाटत होतं, काम जवळच चालू आहे.

१४ जुलै, रविवार
आईनं सकाळीच निरोप धाडला — "येऊ नका. मला आता एकटीला झोप लागती." खोटं! पण बाराला स्वतःहून आडवी झाली. डोळे गच्च मिटलेले, पापण्या थरथरत होत्या. सोंग नुसतं.

साडेबाराला पापण्या थांबल्या.