पाच स्टार आणि एक ठोसा

३ एप्रिल
गल्लीपलीकडच्या काकांना एसी घ्यायचाय. कुठला घेऊ रे, असं मलाच विचारलं. मागे ती उभी. (काकांची मुलगी. नाव लिहिणार नाही, दादा डायरी वाचतो.) ठणकावून सांगितलं, पाच स्टार, बाकी सगळं भंगार! काका म्हणाले, मग रविवारी चल दुकानात. कॉलेज सोडलं म्हणजे अक्कल सोडली असं नाही, हे आता घरच्यांना कळेल.

४ एप्रिल
दादा म्हणतो, नुसते स्टार मोजू नकोस गाढवा, लेबल पूर्ण वाच. मी बूट फेकला. त्याने तोच परत फेकला. माझा ओठ फुटला, पण मुद्दा माझाच वर राहिला.
संकल्प: रविवारपर्यंत मारामारी बंद.

५ एप्रिल
आरशासमोर बोलायची प्रॅक्टिस. पंखा कुरकुरत होता. उशी हाणली. पातं वाकलं. संकल्प निर्जीव वस्तूंना लागू नाही.

६ एप्रिल
दुकान. सेल्समन कुरळ्या, तिच्याकडे बघून जरा जास्तच हसणारा. कोपऱ्यातला स्वस्त पाच स्टारवाला मी शोधून काढला. काका खूश. तेवढ्यात तिने वाकून लेबल वाचलं. म्हणाली, बाबा, हे जुन्या वर्षाचं आहे, नियम कडक झालेत, आज याला तीनच मिळतील. मी म्हटलं, एकदा मिळालेले स्टार कोण उपटून नेतो? कुरळ्या फिसकन हसला. ती हसली तर चालतं. हा कोण? कॉलर धरली, ठोसा हाणला. तो वाकला. ठोसा एसीला बसला. एसी दणकट आहे, हे मान्य.

७ एप्रिल (डाव्या हाताने)
उजव्याला प्लास्टर. काकांनी नव्या लेबलचा पाच स्टार घेतला. म्हणजे सल्ला माझाच! प्लास्टर निघालं की कुरळ्याच्या तंगड्या तोडणार.

११ एप्रिल
एसी बसवताना कुरळ्या जातीने हजर. तिने त्याला सरबत दिलं. दोघं हसत होते. बाटली भिरकावली. डावा हात. आमच्याच खिडकीची काच फुटली.

१४ एप्रिल, दुपार
एसीचा बाहेरचा डबा बरोबर माझ्या खिडकीसमोर लावलाय. गरम हवेचा झोत थेट तोंडावर. पंखा वाकडा, काच नाही. दादा गादी घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. तिने खिडकी घट्ट लावून घेतली. आत कुरळ्या आहे. रिमोट शिकवतोय म्हणे, तिसऱ्यांदा.
दादा सांगतो, तिच्या खोलीतली गरमीच तो डबा बाहेर फेकतो.
म्हणजे तिच्याकडून काहीतरी माझ्यापर्यंत येतंय.
आई काचेच्या जागी पुठ्ठा लावायला आली होती. लावू दिला नाही.