पोपटाचा उष्टा पेरू

तीर्थरूप आत्याबाईंना घाटंजीहून गौरीचा वाकून नमस्कार. उमरखेडला तुमचे गुडघे कसे आहेत ते कळवा. आवाज खणखणीत आहे हे रोजच्या फोनवर समजतंच. (तिथं तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.)

सलील तीन वर्षांचा झाला. अजून बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, घरभरच्या चपला रांगेत लावत बसतो. यवतमाळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या ऑटिझम, मामाजी (माझे सासरे, तुमचे बंधू) म्हणाले सुनेचा मोबाईल, आणि तुम्ही म्हणालात नाव बदला. बदललं. आता तो दोन नावांना ओ देत नाही.

मग तुमचा दुसरा इलाज आला, पोपटाचा उष्टा पेरू. (पोपट बोलतो, म्हणून त्याचं उष्टं खाणाराही बोलतो. शास्त्रच ते!) नेमकी त्याच दिवशी यवतमाळला, अशा पोरांना खेळवत शिकवणाऱ्या मॅडमकडे, किती वाट पाहून वेळ मिळाली होती. मामाजी म्हणाले, "कायले घाई करता? आपला अमर त चौथ्या वर्षी बोलला." (अमर, म्हणजे माझा नवरा, बापापुढे अजूनही बोलत नाही, ते जाऊ द्या.) झालं, यवतमाळ राहिलं आणि सारं घर वावरातल्या पेरूखाली! टोचलेला पेरू दिसला तो थेट शेंड्याला. मामाजी स्वतः चढले आणि फांदीसकट खाली आले. पाय मुरगळला, पण पेरू सोडला नाही. सलीलनं तो हुंगला आणि आमच्या चपलांच्या रांगेत शेवटी ठेवून दिला. शेवटी मामाजींनीच खाल्ला. तेव्हापासून त्यांचं तोंड बंद नाही, म्हणजे इलाजात दम आहे.

हसता हसता मला रडू येते, आत्याबाई. मॅडम म्हणतात ही कोवळी वर्षंच कामाची, आणि मी ती झाडाखाली घालवून राह्यली. शेवटी माहेरी जाते सांगून सलीलला घेऊन यवतमाळ गाठलं. घरी येऊन मॅडमनी सांगितल्यासारखा बिस्किटाचा डबा घट्ट लावून त्याच्यापुढं ठेवला आणि गप बसली. बऱ्याच वेळानं त्यानं डबा माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या पोरानं मला पहिल्यांदा काही मागितलं. मामाजी म्हणाले, "पाह्य, पेरू लागू पडला!"

तुमची सून,
गौरी

ता. क. मामाजी फक्त बहिणीचं ऐकतात. तेव्हा उद्या त्यांना फोन करून सांगा, की पेरूनंतर दर बुधवारी यवतमाळला मॅडमकडे न्यावंच लागते, नाही तर पेरूचा गुण उतरतो.

आणखी एक. सलील पुढं बोलला, तर आत्याआजीनं बोलता केला म्हणून उमरखेडभर सांगा, मी मान डोलवीन. श्रेय सारं तुम्ही घ्या. मला फक्त त्याचे बुधवार द्या.