आई गप्प नव्हती

बाबा, रविवारी सकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचात आणि मी इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचायचे. आई पाठमोरी उभी असायची, तव्यावर तांदळाचे चिले घालायची, एक तुमच्या ताटात, एक माझ्या. बोलायची मात्र नाही. आमची आई कमी बोलते, असंच मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले. सासरी निघताना मी तिच्या गळ्यात पडले, तेव्हाही ती "सुखी राहा" एवढंच म्हणाली, पुस्तकातल्यासारखं. ते मला फार लागलं होतं. तिला माझ्याबद्दल विशेष काही वाटत नाही, अशी समजूत मी तेव्हाच करून घेतली.

तुम्ही गेल्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आई माझ्याकडे मुर्रीला असते. तिला डिमेन्शिया आहे, माणसं ओळखू येत नाहीत. परवा दुपारी आम्ही दोघी लाखोळीची भाजी निवडत बसलो होतो. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तू कोनाची वो बाई?"

"तुझीच मुलगी, आई."

ती खो खो हसली. "माही पोरगी लहान हाये. कानवेंटात जाते. तू त म्हतारी हायेस!"

आपल्या गावची, चिचगडची ही बोली मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. गंमत वाटून मी विचारलं, "मग तिच्याशी बोलतेस की नाही?"

"कशी बोलू? तिचा बाप म्हनते, तुही बोली पोरीले लागन. तिले साहेबीन कराची हाये ना! म्हून तोंड बंद ठेवा लागते."

माझे हात थांबले. "आणि तू ऐकलंस?"

"कायले आयकू? ते झोपली का तिच्या कानात सारं बोलून घेतो. बापाले का समजते!" आणि माझ्या हातावर चापट मारून, "भाजी निवड ना वो, बसून काऊन राहिली?"

बाबा, मी अजून सावरलेले नाही. नागपूरच्या ऑफिसात तुमच्या बोलण्याला लोक हसायचे, हे मला ठाऊक आहे. माझ्यावर ती वेळ येऊ नये, एवढंच तुमच्या मनात असणार. पण त्यासाठी तुम्ही माझ्या आईचं बोलणं काढून घेतलंत? इतकी हजरजबाबी, खोडकर बाई माझ्या घरात होती आणि मला तिचा पत्ताच नव्हता.

हे पत्र कुठे पाठवणार? तरी मनात ठरवलेलं लिहून ठेवते. तुमचं घड्याळ माझ्या धाकट्या मुलाला द्यायचं. इंग्रजी शब्दकोश चिचगडच्या शाळेला. आईच्या पाटल्या माझ्या मुलीला. आईची बोली माझ्या नातीला, शिव्यांसकट. ती सुट्टीत आली की पणजीजवळच बसेल, तिला कोणी टोकायचं नाही. मला काही नको. जेवणं झाली की मी आईच्या शेजारी डोळे मिटून पडते. थोड्या वेळाने ती माझ्या केसांतून हात फिरवते, वाकते आणि कानाशी बोलू लागते. मला झोप लागलेली नसते, बाबा.