मापाच्या कागदावरची खोली

६ एप्रिल, रविवार

खिडक्या बदलणार! सगळ्या सहा. दादाने जेवताना सांगितलं — विचारलं नाही, सांगितलं. ॲल्युमिनियमच्या, सरकणाऱ्या. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत. दादाच्या लेकीची, मयुरीची, लग्नानंतरची पहिली आखाजी, सोबत जावईबापू. आणि आपल्या घरात एसी लावला तर गार हवा फटींतून गल्लीत!

दादाचं खोटं नाही. बाबांनी चौऱ्याहत्तर साली नशिराबादच्या सुपडू मिस्त्रीकडून करून घेतलेल्या या खिडक्या. सागवानी, पण पावसाळ्यात फुगतात. माझ्या खोलीतली तर कंबरेने ढकलल्याशिवाय लागत नाही.

तरी संध्याकाळभर घरातल्या घरात फिरत राहिले. कड्या काढल्या, लावल्या. शेवटी वहिनी म्हणाली, "मोहिनीताई, बसा ना एका जागी!"

८ एप्रिल

ऑफिसात लक्ष नाही. एकाच पत्रावर दोनदा जावक नंबर टाकला.

१० एप्रिल, गुरुवार

अर्धी रजा घेतली. रतिलाल आला, खिडक्या करणारा. मापं पक्की करायला. घरात मी आणि आईच.

"ताई, गेस्ट रूम कोणती?"

म्हटलं, आमच्याकडे गेस्ट रूम नाही. त्याने कागद पुढे केला. दादाचं अक्षर. हॉल. किचन. बेडरूम. मग — गेस्ट रूम, चार बाय चार, काळी काच.

माझी खोली! चोवीस वर्षं झोपते मी तिथे.

त्याखाली — आईची खोली, खिडकी काढून भिंत. "तिथे कपाट येणार म्हणाले भाऊ," रतिलाल म्हणाला.

मी काय केलं? टेपचं दुसरं टोक धरलं. हसलेसुद्धा. का हसले?

११ एप्रिल

विचारलं दादाला.

"अगं, तू आईच्या खोलीत. नाहीतरी तिच्याजवळच असतेस. मग तुझं कपाट मावायला भिंत नको?"

"आणि तिची खिडकी?"

"एसी लावून देतो ना तिलाही!"

आई तिथेच वाती वळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "घर त्याचं हाय. करू दे त्याले."

ती तरी बोलेल असं वाटलं होतं.

१५ एप्रिल, मंगळवार

गुडघ्यांमुळे आईचं ओट्यावर बसणं बंद झालं, तीन वर्षं झाली. तेव्हापासून ती खिडकीशी. समोरच्या तानुबाईशी बोलणं तिथून, भाजीवालीशी हुज्जत तिथून, कोण कुणाकडे आलं गेलं ते तिथून. आणि ती बुजणार माझ्या कपाटापायी! माझ्या साड्या तिथे लटकतील.

जेवण गेलं नाही. तापमान चव्वेचाळीस. ते कारण सांगितलं.

१७ एप्रिल

धुळ्याची बढती मी दोनदा नाकारली. आईला कोण बघेल म्हणून. आज साहेबांनी पुन्हा बोलावलं. "मॅडम, आता शेवटचं विचारतोय."

हो म्हणाले!

बाहेर येऊन जिन्यात बसले. 

१८ एप्रिल, शुक्रवार

घरी सांगितलं. खोली घ्या. पण आईची खिडकी बुजवायची नाही.

दादा चिडला. "आखाजीला बहिणी घरी येतात, आणि तू निघालीस! लोक काय म्हणतील?" वहिनी रडली. खरंच रडली — मला वाटलं नव्हतं. थोड्या वेळाने दादा तो कागद घेऊन आला. माझ्यासमोर आईच्या खिडकीची ओळ खोडली. "रागाने जाऊ नकोस गं."

म्हटलं, राग नाही. आहे का? कळत नाही.

आई भिंतीकडे तोंड करून पडली.

२४ एप्रिल

आईची सोडून पाचही खिडक्या निघाल्या. माझ्या खोलीत नुसतं भोक, आणि आत उन्हाचा लोळ. "लाकूड अजून ठणठणीत आहे हो," रतिलाल म्हणाला आणि तरी पहार घातलीच.

पाचपर्यंत नवीन बसली. एका बोटाने सरकते. दहा-बारा वेळा सरकवून पाहिली. राग यावा इतकी छान आहे!

३० एप्रिल, आखाजी

मयुरी आली. पुरणपोळी, आमरस, अंगणात झोका. खोलीत गेली आणि तशीच परत आली. "आत्या, तुझं सामान?" तिला कुणी सांगितलंच नव्हतं! गळ्यात पडून रडली. जावईबापू बिचारे — "मी हॉलमध्ये झोपतो ना!" त्यावर सगळे हसलो. दादा हसला नाही.

आईला म्हटलं, दर शनिवारी येत जाईन. "बरं," म्हणाली. एवढंच.

२ मे, शुक्रवार

बॅगा घेऊन बाहेर आले, तर रिक्षात आई. काठी मांडीवर, लुगड्यांचं बोचकं पायाशी.

"मोहिनी, तू सांग तिला!" दादा ओट्यावरून ओरडला.

आईने माझ्याकडे पाहिलंच नाही. रिक्षावाल्याला म्हणाली, "चाल रे बापा, धुळ्याची गाडी चुकीन."